किल्ली कुणाच्या हातात?

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी दोन तरुण आमच्या घरी आले. एक दिग्दर्शक, दुसरा त्याचा पटकथालेखक. दोघेही माझ्या मुलापेक्षा लहान. माझी एक जुनी रहस्यकादंबरी त्यांच्या वाचनात आली होती आणि तिच्यावर आठ भागांची मालिका करावी असे त्यांच्या मनात होते. कादंबरीची नायिका ५४ वर्षांची. बँकेच्या तपासणी खात्यातली अधिकारी. गावोगावच्या शाखांतून हिंडते, लेजरं चाळते, आणि एका खात्यातल्या विसंगतीचा धागा धरून थेट एका खुनापर्यंत पोचते. बँकेत ३८ वर्षे काढलेल्या बाईने दुसरे लिहावे तरी काय?

पोहे झाले, चहा झाला. मग दिग्दर्शक जरा पुढे सरकून म्हणाला, "मॅडम, ही बाई आम्हाला फार आवडली. फक्त तिला थोडं स्ट्राँग करायचंय."

"म्हणजे नेमकं काय करायचं?"

लेखकाने वही उघडली. नायिकेचे वय चाळिशीच्या आत आणायचे. तिच्या पर्समध्ये पिस्तूल असेल. तिच्या नवऱ्याचा पूर्वी खून झालेला असेल आणि त्या दुःखातून ती आतून पेटलेली असेल. दोन ठिकाणी मारामारी. शिवाय एक देखणा पोलीस अधिकारी. "प्रेक्षकाला कळायला हवं ना मॅडम, ती अशी का आहे ते," लेखकाने खुलासा केला.

ती अशी का आहे? खरे सांगते, हा प्रश्न मला लिहिताना पडलाच नव्हता. ती हुशार आहे, तिला आकडे कळतात आणि माणसे कळतात, म्हणून ती अशी आहे. याला आणखी कारण हवे?

कराराचा कागद टेबलावर ठेवून मुले गेली. त्यावरच्या रकमेचा आकडा पाहून आमच्या ह्यांनी चष्मा पुसला आणि तो पुन्हा एकदा वाचला. मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली होती. त्या पंधरा दिवसांत मी एकच उद्योग केला. मुलाने केव्हातरी आणून ठेवलेल्या जुन्या इंग्रजी हेरमालिकांच्या डीव्हीडी सूनबाईकडून लावून घेतल्या, काही तिने मोबाइलवरून टीव्हीला जोडून दिल्या, आणि ज्या पुस्तकांवरून त्या बेतल्या ती पुस्तके कपाटातून काढून शेजारी ठेवली. मूळ आणि नक्कल शेजारी ठेवून ताळा करायचा, ही बँकेतली जुनी खोड. पुस्तकातली खंबीर बाई पडद्यावर येताना वाटेत तिचे काय होते, हे मला तपासायचे होते.

पहिला ताळा आयरिन ॲडलरचा. कॉनन डॉयलची 'अ स्कँडल इन बोहेमिया' ही कथा जुलै १८९१ च्या 'स्ट्रँड' मासिकात आली. शेरलॉक होम्सची ही पहिली लघुकथा. बोहेमियाच्या राजाचे लग्न ठरले आहे आणि त्याचा पूर्वीच्या प्रेयसीबरोबर काढलेला एक फोटो तिच्याकडे राहिला आहे. ही प्रेयसी म्हणजे न्यू जर्सीत जन्मलेली ऑपेरा गायिका आयरिन. फोटो मिळवून देण्याची कामगिरी राजा होम्सवर सोपवतो. होम्स पाद्र्याच्या वेषात तिच्या घरात शिरतो, वॉटसनकडून धुराचे नळकांडे फेकवतो, आग लागल्याचा ओरडा होतो आणि आयरिन नकळत फोटोच्या जागेकडे धाव घेते. जागा कळली. उद्या सकाळी येऊन फोटो न्यायचा, बस. पण आयरिनला संशय आलेला असतो. ती पुरुषाच्या कपड्यांत होम्सच्या मागोमाग बेकर स्ट्रीटपर्यंत येते आणि त्याच्या दारातच त्याला नावानिशी शुभरात्री म्हणून निघून जाते. त्याला आवाज ओळखीचा वाटतो, माणूस ओळखू येत नाही! दुसऱ्या दिवशी ती आपल्या वकील नवऱ्याबरोबर देश सोडून गेलेली असते. फोटोच्या जागी होम्ससाठी पत्र असते. राजाने आता निर्धास्त राहावे, पण स्वतःच्या संरक्षणासाठी फोटो आपण जवळच ठेवणार, असे त्यात स्वच्छ लिहिलेले असते.

बाईने काय केले पाहा. ना आरडाओरडा, ना शस्त्र. होम्सला त्याच्याच विद्येत, वेषांतरात आणि पाठलागात, हरवले. आणि जिंकल्यावर सूडही घेतला नाही. होम्सला बक्षीस म्हणून राजा पाचूची अंगठी देऊ करतो. होम्स ती नाकारतो आणि आयरिनने मागे ठेवलेला तिचा स्वतःचा फोटो मागून घेतो.

१९८४ मध्ये इंग्लंडच्या ग्रॅनडा कंपनीने जेरेमी ब्रेटला घेऊन होम्सची मालिका सुरू केली ती याच कथेने. गेल हनिकट आयरिन झाली होती. कथेला धरून केलेला तो भाग आजही पाहावा असा आहे. पुढे १ जानेवारी २०१२ ला बीबीसीच्या 'शेरलॉक' मालिकेत हीच गोष्ट आजच्या लंडनमध्ये आली. लारा पल्व्हरची ही आयरिन पुरुषांना चाबकाने फटकावण्याचा धंदा करते. राजघराण्यातल्या एका व्यक्तीचे आक्षेपार्ह फोटो तिच्या मोबाइलमध्ये आहेत. ती कुणाला घाबरत नाही. पहिल्या भेटीत शेरलॉकची तिने उडवलेली धांदल पाहून आमच्या सूनबाईने टाळीच दिली. "आई, ही किती पॉवरफुल आहे!"

मी म्हटलं, "शेवटपर्यंत बघ."

शेवटी काय होते? तिचा डाव तिचा एकटीचा नव्हता, त्यात मोरिआर्टीचा सल्ला होता असे कळते. ती शेरलॉकच्या प्रेमात पडलेली असते, त्याच्या नावावरूनच तिने मोबाइलचा सांकेतिक शब्द बेतलेला असतो, आणि तिच्या नाडीच्या ठोक्यांवरून नि डोळ्यांच्या बाहुल्यांवरून तो हे ओळखतो. मोबाइल उघडतो. ती गयावया करते. सरतेशेवटी कराचीत तिचे मुंडके उडवले जाणार, इतक्यात शेरलॉकच येऊन तिला वाचवतो. सूनबाई गप्प झाली. १८९१ ची आयरिन जिंकली होती, २०१२ ची हरली. मधल्या १२१ वर्षांत इंग्लंडातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला, पंतप्रधानपद मिळाले, आणि या एका बाईच्या हातून मात्र तिचा विजय काढून घेतला गेला. तिला चाबूक दिला आणि अक्कल परत घेतली! पटकथा चतुर आहे, अभिनय उत्तम आहे, म्हणून तर हे सहज लक्षात येत नाही.

बँकेत नवीन असताना मला एक गोष्ट शिकवली गेली होती. स्ट्राँगरूमच्या दाराला दोन किल्ल्या असतात. एक कॅशियरकडे, एक अधिकाऱ्याकडे. दोघे आल्याशिवाय दार उघडत नाही, आणि किल्ली कुणाच्या ताब्यात आहे हे रजिस्टरमध्ये सहीनिशी लिहावे लागते. मी अधिकारी झाले तेव्हा आमच्या साहेबांनी मला बढाईने केबिन दाखवली, टेबल दिले, बेल दिली. किल्ली मात्र दिली नाही. "मॅडम, किल्ली म्हणजे उशीर होतो. तुम्हाला घरचंही बघावं लागतं," असे अगदी काळजीने म्हणाले. किल्ली मिळायला मला दीड वर्ष लागले. तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली. बाईला खुर्ची कुठली दिली हे पाहू नये, किल्ली दिली का ते पाहावे. रहस्यकथेतही तसेच. बाई किती लाथा मारते, किती ठसक्यात बोलते याला महत्त्व नाही. शेवटी दार उघडते ती किल्ली कुणाच्या हातात असते?

दुसरा ताळा मिस मार्पलचा. अगाथा ख्रिस्तीची ही म्हातारी १९२७ च्या डिसेंबरमध्ये एका मासिकातल्या कथेत प्रथम आली आणि १९३० मध्ये कादंबरीत. त्या पहिल्याच कथेत सहा माणसे जमून एका विषप्रयोगाचे कोडे सोडवत असतात. त्यांत स्कॉटलंड यार्डचा निवृत्त आयुक्त आहे, वकील आहे, पाद्री आहे, लेखक आहे, चित्रकार आहे. ऐकणाऱ्यांपैकी इतर कुणालाच उत्तर येत नाही. कोपऱ्यात विणत बसलेल्या मिस मार्पलला येते. कशावरून? गोड पदार्थावर सजावटीला भुरभुरतात त्या साखरेच्या रंगीत दाण्यांवरून! स्वयंपाकघरातले ज्ञान हेही ज्ञानच आहे आणि ते फासाच्या दोरापर्यंत पोचवू शकते, हे ख्रिस्तीने किती सहज सांगून टाकले.

बीबीसीने १९८४ ते १९९२ या काळात मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्यांवर मालिका केली. मार्पल होती जोन हिक्सन. पहिला भाग दाखवला गेला तेव्हा ती ७८ वर्षांची होती. पूर्वी, १९४० च्या दशकात, तिचे रंगभूमीवरचे काम पाहून पुढेमागे हिने मिस मार्पल करावी अशी इच्छा खुद्द ख्रिस्तीने तिला चिठ्ठीत कळवली होती. ते पाहायला ख्रिस्ती राहिली नाही, ती १९७६ मध्ये गेली. हिक्सन फारसे काही करत नाही. बसते, ऐकते, मान जराशी कलती करते. पण तिचे निळे डोळे एकदा एखाद्यावर स्थिरावले की आपल्यालाच आपले काही लपवलेले आठवू लागते. इन्स्पेक्टर तिला आधी टाळतात, मग ऐकतात. का ऐकतात? तिचे बरोबर असते म्हणून. दुसरे कारण मालिकेला शोधावे लागले नाही.

२००४ मध्ये आयटीव्हीने नवी मार्पल आणली. जेराल्डिन मॅकइवान ही गोड आणि मिश्कील अभिनेत्री. पण नव्या पटकथाकारांना हा प्रश्न पडला होता की ही बाई अशी का आहे. म्हणून त्यांनी तिला भूतकाळ दिला. तरुणपणी एका विवाहित सैनिकावर प्रेम, पहिल्या महायुद्धात त्याचा मृत्यू, आणि तो फोटो जपत जगणारी जेन. पुस्तकात यातले काही नाही. पुस्तकातली मार्पल अविवाहित आहे कारण ती अविवाहित आहे! २००६ मध्ये याच मालिकेत 'बाय द प्रिकिंग ऑफ माय थम्ब्स' या कादंबरीत मार्पलला घुसवले गेले. मूळ कादंबरी टपेन्स बेरेस्फर्डची. वय झालेली, नातवंडे असलेली, पण एका चित्रातल्या घराचा माग काढत एकटी इंग्लंडभर भटकणारी ही मोठी उत्साही बाई. पडद्यावर ती दारूच्या आहारी गेलेली, नवऱ्याकडून दुर्लक्षिलेली दिसते.

म्हणजे आयरिनला चाबूक मिळाला, तर मार्पलला आणि टपेन्सला जखम. मालिकावाल्यांच्या कपाटात बायकांसाठी हे दोनच कप्पे दिसतात. बाई हुशार असेल तर ती आक्रमक तरी असली पाहिजे, नाहीतर दुखावलेली. निरोगी, समाधानी आणि तल्लख बाई त्यांना पटत नाही. खरे तर आपल्याही कितीजणांना पटते?

लुसी आयलेसबरोची गोष्टही सांगायला हवी. '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' या १९५७ च्या कादंबरीतली ही मुलगी ऑक्सफर्डची गणितात पहिल्या वर्गाची पदवीधर. प्राध्यापकी सोडून ती घरकामाचा व्यवसाय पत्करते, कारण युद्धानंतरच्या इंग्लंडात चांगली मोलकरीण मिळणे दुर्मिळ झाले आहे आणि दुर्मिळ वस्तूला भाव असतो, हा साधा हिशेब तिने केला आहे. ती स्वतःच्या अटींवर काम घेते आणि भरपूर कमावते. मार्पलच्या सांगण्यावरून ती एका मोठ्या घरात कामाला राहते आणि गोल्फच्या सरावाचा बहाणा करून, चेंडू शोधण्याच्या मिषाने, सारे आवार पालथे घालते. बँकवालीला अशी पात्रे फार आवडतात! १९६१ मध्ये या कादंबरीवर सिनेमा निघाला तेव्हा लुसीला वगळून टाकले आणि मार्गारेट रदरफर्डच्या धिप्पाड, विनोदी मार्पललाच मोलकरीण केले. दोन हुशार बायका एका पडद्यावर जास्त झाल्या असाव्यात. बीबीसीने १९८७ मध्ये लुसीला परत आणले.

या साऱ्याची ख्रिस्तीला कल्पना नव्हती असे समजू नका. १९५२ च्या 'मिसेस मॅकगिन्टीज डेड' या कादंबरीत तिने ॲरिॲडनी ऑलिव्हर ही रहस्यकथालेखिका आणली आहे. तिच्या कादंबरीचे नाटक करायला एक तरुण नाटककार येतो. तिचा फिनलंडचा साठीचा गुप्तहेर त्याला पस्तिशीचा हवा असतो, युद्धातला क्रांतिकारक हवा असतो, आणि त्याला एक प्रेयसीही हवी असते. ऑलिव्हरबाई कपाळाला हात लावून बसतात. सुशेच्या 'प्वारो' मालिकेत २००८ मध्ये हा प्रसंग झोई वॉनमेकरने असा रंगवला आहे की मी हसता हसता एकदम थांबले. आमच्या दिवाणखान्यात आठवड्यापूर्वी हेच तर झाले होते! फक्त माझ्या पाहुण्यांनी पोहे मागून घेऊन दोनदा खाल्ले होते.

लेखिकेवरून आठवली ती हॅरिएट व्हेन. डोरोथी सेयर्सच्या कादंबऱ्यांतली ही नायिकाही रहस्यकथाच लिहिते. १९३० च्या 'स्ट्राँग पॉयझन'मध्ये तिच्यावर प्रियकराला विष घातल्याचा आरोप येतो आणि लॉर्ड पीटर विम्झी तिला फाशीपासून वाचवतो. तो तिला मागणी घालतो. ती नकार देते. उपकाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार हा होकार नव्हे, हे तिला कळते. १९३५ च्या 'गॉडी नाइट'पर्यंत, म्हणजे चांगली पाच वर्षे, ती त्याला नाहीच म्हणते. तिथे ऑक्सफर्डमधल्या मुलींच्या कॉलेजात निनावी पत्रांचा छळ सुरू होतो आणि बुद्धी मोठी की माया, यावर प्राध्यापिकांचे वाद रंगतात. स्वतः सेयर्स ही १९२० मध्ये ऑक्सफर्डने बायकांना पदव्या देणे सुरू केले तेव्हा पदवी घेणाऱ्या पहिल्या तुकडीतली. तिने हे वाद आतून पाहिलेले. १९८७ ची बीबीसी मालिका तीन हॅरिएट कादंबऱ्यांवर आहे आणि हॅरिएट वॉल्टरने तो नकार फार सुंदर सांभाळला आहे. अंगात ताठपणा, डोळ्यांत मात्र ओढ. पण 'गॉडी नाइट' तीन भागांत बसवताना कात्री लागली ती त्या वादांनाच. प्रेम उरले, विचार आटोपते घेतले गेले. मालिकेला वेळ कमी असतो हे मान्य. पण वेळ कमी पडला की पहिली काटछाट बाईच्या विचारातच का होते?

मला तक्रारीचा सूर लावायचा नाही. दूरचित्रवाणीने मनात आणले तर ती हे काम सुरेख करते. अमेरिकेतल्या 'एलिमेंटरी' या २०१२ ते २०१९ च्या मालिकेत वॉटसनलाच बाई केले. लुसी ल्यूची जोन वॉटसन ही मूळची शल्यविशारद. व्यसनातून उठलेल्या होम्सवर लक्ष ठेवायला येते आणि बघता बघता स्वतः डिटेक्टिव्ह होते. सात वर्षांत दोघांचे प्रेम जुळवण्याचा मोह निर्मात्यांनी टाळला. गंमत म्हणजे यातली आयरिन हीच मोरिआर्टी निघते आणि तिला अचूक ओळखते ती होम्सच्या आधी जोन! ॲन क्लीव्हजच्या कादंबऱ्यांवरची 'व्हेरा' २०११ ते २०२५ अशी १४ पर्वे चालली. ब्रेंडा ब्लेथिनची व्हेरा म्हणजे चुरगळलेला रेनकोट, डोक्यावर जुनी टोपी, पोक्त वय, आणि आख्खे पोलीस पथक तिच्या एका नजरेवर. तिला तरुण करा असे कुणी म्हटले नाही, आणि लोकांनी पाहिली.

आणि बोट्सवानाची मा रामोत्स्वे. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथच्या १९९८ च्या कादंबरीत वडिलांनी ठेवलेली गुरे विकून ही बाई गॅबोरोनमध्ये डिटेक्टिव्ह एजन्सी काढते. बायकांना हे काम जमेल का, अशी शंका वकील काढतो तेव्हा कुठे काय चालले आहे ते बायकांनाच आधी कळते, असे ती त्याला ऐकवते आणि अगाथा ख्रिस्तीचा दाखला देते. हिचा पूर्वीचा नवरा मारकुटा होता, तिचे बाळ गेले होते. म्हणजे जखम आहेच. पण त्या जखमेमुळे ती डिटेक्टिव्ह झालेली नाही. वडिलांनी गुरे जमवली आणि तिला डोके होते म्हणून झाली. २००८-०९ च्या बीबीसी मालिकेत जिल स्कॉटने तिला तशीच ठेवली. अंगाने भरलेली, हसरी, चहा पीत विचार करणारी.

आपल्याकडे काय? १९८५ मध्ये दूरदर्शनवर 'करमचंद' आली. ती कुठल्या पुस्तकावरची नव्हती, पण तिचा उल्लेख टाळता येत नाही. सुष्मिता मुखर्जीची किटी भोळसट प्रश्न विचारायची आणि पंकज कपूर गाजर खात तिला गप्प करायचा. आम्हीही हसायचो. पण दुसऱ्या दिवशी आमच्या शाखेत कुणी मुलीने लेजरवरून साधी शंका काढली तरी पलीकडच्या टेबलावरून "शट अप किटी!" ऐकू यायचे. तेव्हा हसू जरा कमी व्हायचे.

१९९३ मध्ये बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्षी' आली. रजित कपूरचा ब्योमकेश, के. के. रैनाचा अजित, आणि सत्यवती आपल्या सुकन्या कुलकर्णी. मूळ लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय मुंबईच्या चित्रपटसृष्टीत काम करून १९५२ मध्ये पुण्यात स्थायिक झाले होते. शिवाजी महाराजांच्या काळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टीही त्यांनी बंगालीत लिहिल्या. त्यांच्या 'अर्थमनर्थम्' या कथेत सत्यवतीच्या भावावर खुनाचा आळ येतो आणि त्यातूनच तिची नि ब्योमकेशची गाठ पडते. ती रहस्य उलगडत नाही हे खरे. पण सुकन्याबाईंनी तिला बाहुली होऊ दिले नाही. त्या घरात ब्योमकेशचे म्हणणे पारखून घेणारी एक बाई राहते, हे सतत जाणवायचे. तरीही हिशेब हिशेबच. किल्ली ब्योमकेशकडेच होती.

आता माझा स्वतःचा ताळा. माझी नायिका मला सुचली ती आमच्या शाखेतल्या एका काकूंवरून. १९८६ ची गोष्ट. काकू बचत खात्याच्या काउंटरवर क्लार्क होत्या. एक वृद्ध विधवा दर महिन्याला पैसे काढायला यायच्या, नोटा तीनदा मोजायच्या. एके दिवशी त्यांचा पुतण्या त्यांच्या सहीची स्लिप आणि पासबुक घेऊन आला. आजी आजारी आहेत म्हणाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. सही कार्डावरच्या नमुन्याशी तंतोतंत जुळत होती. काकू उठून अधिकाऱ्यांकडे गेल्या. "साहेब, ही सही खोटी आहे."

"अहो, जुळते आहे ना?"

"म्हणूनच तर! आजींचा हात दोन वर्षांपासून थरथरतो. इतकी सरळ सही त्यांना येईल कशी?"

साहेबांनी ते हसण्यावारी नेले आणि स्लिप पास केली. काकू त्या संध्याकाळी परस्पर आजींच्या घरी गेल्या. आजी अंथरुणावर होत्या आणि त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. पुतण्याने कुठल्याशा जुन्या कागदावरून सही गिरवली होती. पैसे परत मिळाले. वरच्या कार्यालयाला अहवाल गेला, त्यात लिहिले होते की शाखेच्या अधिकाऱ्यांच्या दक्षतेमुळे गैरप्रकार उघडकीस आला. काकूंचे नाव कुठेच नव्हते. तो अहवाल टाइप करून घेताना शेजारी मीच उभी होते. मी काही बोलले नाही. नवीन होते, नोकरी हवी होती.

त्याचे प्रायश्चित्त म्हणून मी कादंबरी लिहिली असे आजवर सांगत आले. पण या पंधरा दिवसांत कपाटातली सगळी पुस्तके झाल्यावर मी माझे स्वतःचे पुस्तक काढले, आणि शेवटचे प्रकरण वाचून सुन्न झाले. सारा शोध माझी नायिका लावते. पण शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून उलगडा कोण करते? एक निवृत्त पोलीस अधीक्षक! नायिका बाजूला बसून मान डोलावते. मीच लिहिले होते हे. कुणी सांगितले नव्हते. एका बाईने केलेला उलगडा वाचकाला पटणार नाही, अशी भीती माझ्याच मनात होती. तो अहवाल मी दुसऱ्यांदा लिहिला होता आणि काकूंचे नाव दुसऱ्यांदा गाळले होते.

पंधरवडा संपल्यावर मी त्या मुलांना फोन केला. म्हटले, वय कमी करा, हरकत नाही. पिस्तूलही द्या हवे तर, लायसन्स दाखवा म्हणजे झाले. नवऱ्याला मात्र मारू नका, तो घरी कुकर लावायला लागतो. आणि करारात माझी एक ओळ घाला, की शेवटचा उलगडा ती स्वतः करील, उभी राहून, सगळ्यांसमोर.

दिग्दर्शक क्षणभर थांबला. "पण मॅडम, पुस्तकात तर पोलीसवाला करतो."

"हो," मी म्हटलं, "पुस्तकात चूक आहे."

चॅनेलशी बोलून सांगतो म्हणाले. त्याला तीन आठवडे झाले, अजून फोन नाही. ह्यांनी तो कराराचा कागद घडी करून पासबुकांच्या पिशवीत ठेवला आहे. तोवर मी प्रकाशकांना विचारले. नवी आवृत्ती काढायची त्यांची तयारी आहे. शेवटचे प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतले आहे. आणि या वेळी अर्पणपत्रिकेत काकूंचे पूर्ण नाव घालणार आहे.